धुक्यातला लाल दिवा

धुक्याला मी घाबरत नाही, हे मी अनघाला लग्नाआधीच सांगून ठेवले होते. मी महाबळेश्वरचा. आमच्याकडे पावसाळ्यात धुके घरात शिरते, चुलीपाशी बसते आणि ओले कपडे चार-चार दिवस वाळू देत नाही. त्यामुळे आखातात लोक धुक्याची धास्ती घेतात, याचे मला हसू यायचे. वाळवंटातले धुके ते काय असणार?

१९९६चा जानेवारी. आम्ही दुबईपासून तासाभरावर, उम्म अल कुवेनला राहत होतो आणि आई पहिल्यांदाच, एकटी, विमानाने दुबईला येत होती. त्या काळी व्हिजाची मूळ प्रत आपण विमानतळावरच्या खिडकीत जमा करायची आणि पाहुण्याने नुसती झेरॉक्स घेऊन यायचे, अशी पद्धत होती. मूळ प्रत जमा नसेल तर पाहुणा आतच अडकायचा. अनघा म्हणत होती की आदल्या संध्याकाळी ती जमा करू, विमानतळाजवळच अल कुसैसला मैत्रिणीकडे झोपू; पहाटे धुके पडणार आहे. मी तिला महाबळेश्वरची आठवण करून दिली.

पहाटे पाचला आम्ही निघालो. मी, अनघा, मागे आठ वर्षांची ऋजुता आणि माझ्या शर्टाच्या खिशात आईचा व्हिजा. दहाव्या मिनिटाला रस्ता गेला. मग बॉनेट गेले. (बॉनेट होते, पण ते आता श्रद्धेचा विषय झाले होते.) अनघाने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. माझ्या पाठीला घाम फुटला होता, पण हे कबूल कोण करणार!

घाटाचा नियम मला पाठ होता : पुढच्या एस.टी.चा लाल दिवा धरायचा, मधूनमधून हॉर्न द्यायचा आणि निमूट मागे जायचे. तेवढ्यात एका ट्रकचा लाल दिवा दिसलाच. मी तो धरला. ट्रक हळू झाला की मी हळू, ट्रक पळाला की मी पळालो. आणि हा ट्रक फारच पळत होता. राउंडअबाउटला तो वळला, मीही वळलो. थोड्या वेळाने चाकांखालचा आवाज मऊ झाला.

"अहो, हा रस्ता आहे ना?" अनघाने विचारले.

"शॉर्टकट असेल," मी म्हणालो.

ट्रक थांबला. मीही थांबलो. मागून ऋजुताने "डॅडी, आर वी लॉस्ट?" असे विचारले आणि त्याच क्षणी अनघाच्या काचेला एक भले मोठे, केसाळ तोंड येऊन चिकटले. त्याने काच चाटली. अनघा माझ्या मांडीवर येऊन बसली, मध्ये गिअर असूनही. तो उंट होता. आम्ही उंटांच्या गोठ्यात होतो आणि ट्रकमध्ये चारा होता.

ट्रकचा पठाण ड्रायव्हर लोखंडी पहार घेऊन, लांबूनच टॉर्च मारत आला. मी काच बोटभर खाली केली.

"इतना देर से पीछे आता, हॉर्न मारता," तो म्हणाला, "हम डर गया साहब. तुमको चाहिए क्या?"

म्हणून तो पळत होता तर! मी माफी मागतच होतो, तेवढ्यात त्याने टॉर्च आमच्या मागे फिरवला. आमच्या मागे ओळीने सहा गाड्या उभ्या होत्या. पहिल्या गाडीतून पायघोळ पांढरा कंदुरा घातलेले एक वयस्क अरब गृहस्थ उतरले. त्यांनी उंटाकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि शांतपणे विचारले, "हबीबी, एअरपोर्ट?"

पठाणाने बिचाऱ्याने आम्हा सातही गाड्यांना परत हमरस्त्यावर आणून सोडले. तोवर सहा वाजून गेले होते. धुके दाट व्हायच्या आत आईचे विमान केव्हाच उतरले असणार. तिला मराठीशिवाय भाषा येत नव्हती. तिथे कुणी दरडावले तर ती काय सांगेल, परत पाठवतील का, या विचाराने मी खिशातला व्हिजा सारखा चाचपत होतो. पुढचा सारा रस्ता गाड्या रांगेत मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. व्हिजा जमा केला तेव्हा दहा वाजले होते.

आई बाहेर आली. मी रडायच्या बेतात होतो. ती ताजीतवानी होती. आतल्या पोलीसबाईंनी तिला दोनदा चहा पाजला होता, आणि बदल्यात तिने त्यांना शेंगदाण्याचे लाडू खायला लावले होते.

"घाबरलीस का गं?" मी विचारले.

"धुकं आहे कळल्यावर घाबरले," आई म्हणाली. "माझ्यासाठी नव्हे रे, तुझ्यासाठी." मग ती अनघाकडे वळली. "तुला म्हणून सांगते सूनबाई, चौथीपर्यंत हा धुक्यात पुढे दिसेल त्या म्हशीचं शेपूट धरून चालायचा. शाळेची घंटा झाली की मास्तर आधी गावातले गोठे बघून यायचे."

अनघाने हात पुढे केला. मी गाडीची किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि मागे, ऋजुता आणि लाडवांच्या डब्याच्या मध्ये जाऊन बसलो.