वरच्या मजल्याच्या सळया

तुमच्या शाळेचा तो कागद मला फोनवर मिळाला. नातेवाइकांच्या घराच्या छपराचं चित्र काढा आणि त्याच्या भागांना नावं द्या, असं वर छापलेलं आहे. धाकटीनं आजीचं, म्हणजे माझं, घर काढलं आहे. त्याला दोन्ही बाजूंनी उतरतं लाल छप्पर दिलंय आणि वर एक धुराडंही दिलंय. लातूरला धुराडं साखर कारखान्याला असतं, घराला नाही, पण हरकत नाही. रिज, गटर, शिंगल ही सगळी नावं जागच्या जागी आहेत, अक्षरही नीट आहे. फक्त छपरातून सहा ठिकाणी काळे केस ताठ उभे आहेत. धाकटे, त्यांच्याकडे बाण काढून नावाच्या जागी तू प्रश्नचिन्ह घातलं आहेस. बाळा, बाकी सगळं घर तुझ्या मनातलं आहे. ते केस तेवढे खरे आहेत.

मी नांदेडला इंग्रजी शिकले आणि पुढं आयुष्यभर ते शिकवलं. वहीत प्रश्नचिन्ह दिसलं की उत्तर लिहिल्याशिवाय माझा हात थांबत नाही. म्हणून क्रमानं सांगते.

आधी तुमच्या कागदावरचा उतार पुसून टाका. आमच्याकडे छप्पर सपाट असतं. मी वाढले ते देवणीजवळच्या एका खेड्यात, मातीच्या छपराखाली. त्याला माळवद म्हणत. खाली लाकडी तुळया, त्यांच्यावर आडवी फळकुटं, त्यांवर झाडाचा पाला आणि सगळ्यांत वर हातभर जाड पांढरी माती. गळायला लागलं की माझे वडील वर चढायचे आणि पायानं माती दाबायचे. खालून आई भांडं हातात धरून ओरडायची, "आजून जरा डावीकडं सरका! तिथं न्हाई, तिथं तर बरं होतं!" जिथं गळायचं त्याच्या बरोबर वर भोक असायचं. छप्पर सरळ स्वभावाचं होतं.

पुढं एका पहाटेच्या भूकंपानं आमच्या जिल्ह्याचा मातीच्या छपरावरचा विश्वास संपवला. त्याबद्दल मी थट्टा करणार नाही. त्यानंतर ज्याला जमेल त्यानं स्लॅब टाकला. स्लॅब म्हणजे सळयांची जाळी आणि तिच्यात ओतलेलं काँक्रीट. तो एका दमात टाकायचा असतो, मध्ये थांबलं तर सांधा राहतो. त्या दिवशी मजुरांना गोड जेवण द्यायची रीत आहे. आमच्या स्लॅबला बुंदी होती. तुमचे बाबा तेव्हा चौथीत होते. त्यांनी इतकी बुंदी खाल्ली की स्लॅब वाळेपर्यंत तेही आडवेच होते.

आता ते केस. आमचा स्लॅब सहा खांबांवर बसलेला आहे. खांबांतल्या सळया स्लॅबपाशी कापत नाहीत, कमरेइतक्या वर उभ्या सोडतात. उद्या वरचा मजला चढवायचा झाला तर नव्या खांबांच्या सळया त्यांना बांधता याव्यात म्हणून. इथल्या कुठल्याही गच्चीवर उभं राहिलात तर चहूकडे हे लोखंडी तुरे दिसतील. घरात एक मुलगा असेल तर तुरे असतात. दोन असतील तर सळया जरा जाड असतात. मुलीच असतील तर सहसा नुसताच कठडा असतो, आणि ती गच्ची बहुधा गळत नाही.

आमचा गुत्तेदार, म्हणजे ज्यानं घर बांधून द्यायचं काम घेतलं तो, तुमच्या आजोबांना, म्हणजे आबांना, म्हणाला होता, "सायेब, आजून तीन मजले चढवा, खांब हूं म्हननार न्हाईत." खांब खरंच काही म्हणाले नाहीत. तुमचे बाबाही काही म्हणाले नाहीत. ते पुण्याला गेले, मग बंगळूरला, मग तुम्ही आता आहात तिथं. दर वेळी आबा वर जाऊन सळयांना लाल रंग देऊन यायचे. मी विचारलं की म्हणायचे, "लोखंड आहे, निगा नको का राखायला?" नंतर रंगाच्या जागी त्यांनी प्रत्येक सळईवर प्लास्टिकची रिकामी बाटली उलटी बसवली. वारा आला की सगळ्या मिळून वाजायच्या. शेजाऱ्यांना वाटायचं, माकडांसाठी आहे.

मग गळती सुरू झाली. स्लॅबचा स्वभाव माळवदासारखा सरळ नाही. पाणी एकीकडून शिरतं आणि आतल्या आत फिरून भलतीकडेच गळतं. आमच्याकडे ते तुमच्या खोलीत गळायचं, तुम्ही आलात की ज्या पलंगावर झोपता त्याच्या बरोबर वर. आम्ही डांबर लावलं. पांढरा रंग लावला, तो लावणारा म्हणाला की दहा वर्षं बघायला नको, आणि त्याचंही खरं, तो स्वतः कधी बघायला आला नाही. मग सबंध गच्चीवर सिमेंटचा कोबा घातला. त्यानं उतार उलटा झाला आणि पाणी पन्हळीकडे जायचं सोडून सळयांपाशी साचू लागलं. टँकरची वाट बघणाऱ्या गावात आमच्या गच्चीवर तळं होतं. मी दर पावसाळ्यात छतावरच्या डागाभोवती पेन्सिलीनं रेघ काढत गेले. आता तो नकाशातल्या उंच डोंगरासारखा दिसतो, रेघेत रेघ.

या पावसाळ्यात त्या डोंगराचा माथा खाली आला. ताटाएवढा गिलावा पलंगावर पडला आणि छताची गंजलेली जाळी उघडी पडली. पलंग रिकामा होता. तो वर्षातले अकरा महिने रिकामाच असतो, म्हणून मी आधी झाडू आणला आणि घाबरले नंतर.

पाऊस उघडल्यावर मिस्त्री आणला. तो गच्चीवर उकिडवा बसला, सळयांच्या बुडाशी बोट घातलं. बोट आत गेलं.

"काका, ह्या सळया हायेत तवर पानी येनार," तो म्हणाला. "लोखंड गंजून फुगून राहिलं, त्याच्यानं काँक्रीट फाटून राहिलं. आन् ह्या बाटल्या कुनी घातल्या?"

"मी," आबा म्हणाले.

"आत घाम धरला न्हव त्यांनी. सळईला पावसाळ्यात पाऊस आन् उन्हाळ्यात घाम! कापून टाकतो. मग उतार नवा काढून देतो."

"कापायच्या नाहीत. बाकी काय करायचं ते करा."

"बाकी काय करनार? ताप डोक्यात हाय आन् तुम्ही म्हनता पायाला तेल लावा."

मिस्त्री माझ्याकडे बघू लागला. मी कापाव्यात या मताची गेली दहा वर्षं आहे, पण त्या माणसासमोर बोलले नाही. तो गेल्यावर बोलले. म्हटलं, "अहो, पुढच्या वेळी पोरं पलंगावर असतील."

"वर बांधायचं झालं तर?"

"कोण बांधणार?"

"ज्याचं घर आहे त्याला विचारतो," आबा म्हणाले आणि त्यांनी चष्मा लावून फोन घेतला.

तुमच्या बाबांनी फोन उचलला तेव्हा तुम्ही शाळेला निघाला होतात. मागं तुमची मोज्यांवरून भांडणं ऐकू येत होती. आबांनी आधी हवापाणी विचारलं, मग घसा साफ केला. "अरे, ते वरच्या सळयांचं विचारायचं होतं. मिस्त्री म्हणतो कापा."

"कुठल्या सळया, आबा?"

"गच्चीवरच्या. खांबांच्या."

"हां हां, त्या! माझे पतंग अडकायचे त्या? कापा की. पण त्या ठेवल्या कशाला होत्या हो इतके दिवस?"

आबा म्हणाले, "अशाच. ठेवतात लोक." आणि मोजे सापडले का ते विचारलं.

तुमच्या बाबांचा यात काही दोष नाही, हे मुद्दाम लिहिते. त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं वर रंग चढत होता, बाटल्या वाजत होत्या, खाली छत गळत होतं, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याला सांगायचं तेवढं राहून गेलं. मी स्वतः वर्गात म्हणत आले की प्रश्न नीट विचारला तर अर्धं उत्तर मिळतं. घरात कुणी प्रश्नच विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री मशीन घेऊन आला. आबा म्हणाले, "कापा." मग त्याला थोडं बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्यापासून चार पावलं. मला ऐकू येत होतं.

"समजा, वीतभर ठेवल्या आणि वरून काँक्रीटनं झाकल्या, तर पुढं कधी फोडून बाहेर काढता येतील का?"

मिस्त्रीला माहीत होतं की वीतभर सळईला पुढची सळई जोडत नाहीत. मलाही माहीत होतं, गिलावा पडल्यापासून मी या विषयावर बरंच वाचलं होतं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पन्हळीकडे पाहिलं.

"हाव की," तो म्हणाला. "फोडलं की निगत्यात."

ठिणग्या उडाल्या, सहा जुड्या खाली आल्या. गंज खरवडून वर काँक्रीटचे सहा ठोकळे ओतले, उतार पन्हळीकडे वळवला, तुमच्या खोलीचं छत नीट करून गिलावा केला. माझ्या पेन्सिलीच्या रेघाही त्यात गेल्या. चित्रात तुझ्या प्रश्नचिन्हापाशी आता 'बसायचे ठोकळे' असं लिही. दोघांना पुरून चार उरतील.

काँक्रीट ओतल्यावर ते ओलं ठेवावं लागतं. जितके दिवस पाणी मिळेल तितकं ते कडक होत जातं. मिस्त्री सात दिवस सांगून गेला. नळ आठवड्यातून एकदा येतो, म्हणून आबा भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवतात आणि सकाळ-संध्याकाळ वर नेतात. ठोकळ्यांवर ओली पोती टाकली आहेत, ती उचलून एकेकाला पाणी घालतात, पुन्हा झाकतात.

आज तेरावा दिवस आहे. काल मी जिन्यात म्हटलं, "अहो, झालं ते पक्कं."

"होऊ दे अजून थोडं," ते म्हणाले आणि बादली घेऊन वर गेले.

जितकं पाणी घालतील तितकं ते फोडायला अवघड होणार आहे. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही फोनवर सांगू नका.