आप्पांचा ओटा आणि हिराबाईचं घर

अगं ये, अशी जवळ सर. खुर्चीच्या टोकावर पाहुणीसारखी काय बसतेस? आन् "मावशी, ग्रामसेविकेला काम काय, सही आन् शिक्का," असं पुन्हा म्हणालीस तर कान धरीन. ऐक.

मांडवगणच्या अलीकडचं एक गाव, माझी शेवटची पोस्टिंग. ग्रामसभा भरलेली. हिराबाई उभी राहिली.

"म्याडम, घर मंजूर झालं म्हंता. मग बांधू कुठं, आभाळात?"

सभा हसली. मला काही हसू येईना. घरकुल म्हणजे सरकारी अनुदानाचं घर. पैसे सरकार देतं, पण जागा आपली लागते. हिराबाई नि तिचा नवरा दुसऱ्याच्या बांधावर पत्रा टाकून राहायचे. यादीत नाव पहिलं, आणि पायाखाली वीतभर जमीन नाही.

सरपंच म्हणाले, "मग फुडचं नाव घ्या. अनुदान माघारी गेलं तर गाव मला इचारंल."

पुढचं नाव ज्याचं होतं, त्याची पोरं हडपसरला फ्लॅटमध्ये. इथं खोल्या काढून एमआयडीसीतल्या कामगारांना भाड्यानं द्यायचा त्याचा बेत. सगळ्या गावाला ठाऊक, बोलत कुणी नव्हतं.

"सरपंच, महिनाअखेरपर्यंत थांबा. जागा मी बघते."

"बघा. सापडली तर मलाबी सांगा, मीबी घेतो!"

गावठाण म्हणजे गावातली घरांची जागा. ते मी गल्लीगल्लीनं पालथं घातलं. निम्म्या घरांना कुलपं. ज्याला त्याला पुण्याजवळ जायचंय. मारुतीच्या मागं आप्पांचं घर, तेही वाघोलीला मुलाकडं गेलेले. भिंती बसलेल्या, आत बाभळी उगवलेल्या. पुढचा दगडी ओटा तेवढा धड. फोन केला तर "इकायची न्हाई" म्हणून आप्पांनी ठेवूनच दिला.

मग काय, हिराबाईला घेतलं आणि एसटीनं वाघोली गाठली. लिफ्ट वर निघाली तशी हिराबाईनं माझा दंड जो आवळला, तो दार उघडेपर्यंत सोडला नाही.

आप्पांनी चहा दिला, जागा नाही दिली.

"म्याडम, यात्रंला देवाची पालखी आमच्या ओट्यावर टेकती. आज्यापासनं मान हाय. जागा गेली की मान गेला. मग गावात मी कोण?"

आता कळलं. बाभळींचं त्यांना काही नव्हतं, गावातलं नाव जाईल याची धास्ती होती.

तेवढ्यात आप्पांच्या घरच्या काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आवो, सांगा की खरं! दरसाली आपण शिक्रापूरच्या ट्रॅफिकमधी अडकतो. पालखी ओट्याम्होरं ताटकळती. भोयांच्या पायावर पाणी घालायला माणूस न्हाई. शिव्या देत्यात ते. मला ऐकू येत्यात!"

"तू गप."

हिराबाई इतका वेळ बशीतला चहा फुंकत होती. म्हणाली, "आप्पा, ओटा तुमचाच ऱ्हाऊ द्या. मला मागली जागा द्या. पाणी म्या घालीन, नाव तुमचं घीन. न्हाईतर त्यो पुढच्या नंबरवाला खोल्या बांधंल, आन् म्या हाय तिथंच, बांधावर."

आप्पा उठून खिडकीशी गेले, खालच्या गाड्यांकडं बघत म्हणाले,

"ओटा माझ्याच नावावर ऱ्हाईल?"

"कागदावर लिहून," मी म्हणाले.

"आन् पाणी तांब्याच्या घागरीतनं. प्लास्टिकचा मग चालायचा न्हाई!"

शिरूरला जाऊन मागच्या जागेचं खरेदीखत झालं. जागा घ्यायलाही सरकार थोडी मदत देतं, ती मी मागं लागून मिळवली. सरपंचांनी सही केली आणि म्हणाले, "म्याडम, तुम्ही लई चिवट." मी ते सर्टिफिकेट समजून ठेवलंय.

घर झालं. त्या वर्षीच्या यात्रेलाही आप्पा ट्रॅफिकमध्येच. पोचले तेव्हा पालखी हिराबाईच्या हातचं पाणी घेऊन पुढं गेलेली. हिराबाईनं त्यांच्या हातात भरली घागर दिली. "अजून दोनच घरं लांब गेलीय. पळा!" आणि आप्पा धोतर सावरत पळाले की गं! आता ते यात्रेच्या आदल्या दिवशीच येतात आणि हिराबाईकडं उतरतात. भाजीत मीठ कमी म्हणून भांडतात.

मी यातून एवढंच शिकले की माणूस 'न्हाई' म्हणाला की फोनवर वाद घालू नये, एसटी पकडावी.

जा आता, गाडी चुकेल तुझी. पण पुढच्या खेपेला अशी घाईत येऊ नकोस. पोरांना घेऊन इथं दौंडला दोन दिवस राहायलाच ये, लवकर ये. गच्चीवर अंथरुणं टाकते.