लेकीची वेलांटी

जुन्या पोथ्या जमवायचं खूळ आम्हा नवरा-बायकोला सारखंच लागलेलं. एकाच पोथीच्या दोन नकला मिळाल्या की समोरासमोर बसायचं; हे मोठ्यानं वाचणार, मी दुसरीत बघणार आणि अक्षर फिरलं की अडवणार. जुन्या चीनमधले ग्रंथवेडे या कामाला दोन वैऱ्यांची बैठक समजत, असं कुठंतरी वाचलं होतं. म्हटलं, मग आमचा सराव लग्नापासूनचा आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नांदणारी एक बाई सास्तूरहून माहेरची पोथी घेऊन आली. भूकंपात घर गेलं, पण पत्र्याच्या पेटीत ही तगली. बाई लहानपणापासून ती वाचत आलेली, तोंडपाठच म्हणा. पण शेवटी 'लेकाचे हाते लिहिले' असं आहे, म्हणून पोथी लेकाकडंच जाते, हा त्यांच्या घरचा रिवाज. भाऊ पुण्याला, त्यानं कधी उघडूनही बघितली नाही. वडील आता त्यालाच देणार होते. जायच्या आधी तुम्ही एकदा बघा, एवढंच ती म्हणाली. माझं तर डोकंच फिरलं.

नशीब, याच पोथीवरून उतरवलेली नक्कल आमच्याकडं होती. मूळ पोथीत चुकून दोनदा पडलेली ओवी तिच्यातही दोनदाच! बैठक बसली. शेवटच्या ओळीला हे 'लेकाचे' म्हणाले आणि मी ओरडले, थांबा! माझ्यात 'लेकीचे' होतं. हे म्हणाले, उतरवणारा चुकला असेल. म्हटलं, दोनदाची ओवीसुद्धा न गाळणारा इथंच बरा चुकेल! पान ओढून उन्हासमोर धरलं. 'का'च्या डोक्यावर पिवळा ठिपका. चूक झाकायला जुने लोक हरताळ हा पिवळा रंग लावत, म्हणून तर आपण हरताळ फासला म्हणतो. त्याखाली वेलांटीचा फेर स्वच्छ दिसत होता. तेवढा झाकला की 'की'चा 'का' होतो! कुणी लेकाच्यानं लेकीवरच हरताळ फासला होता. मला बसवेना, हे तर चप्पल न घालताच गाडी काढायला धावले.

तिला घेऊन सास्तूर गाठलं. वडिलांनी दोन्ही पोथ्या शेजारी ठेवून बराच वेळ बघितल्या. मग लेकीला म्हणाले, वाच. तिनं वाचलं, 'लेकीचे हाते लिहिले.' पुन्हा वाच म्हणाले. तिनं ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. त्यांनी पोथी रुमालात बांधली आणि तिच्या ओटीत घातली.

"दादाला म्या सांगतो," म्हणाले.