तिसऱ्या भिंतीचे पडदे

आमची वहिनी पडदे शिवते. दुकान नाही, पाटी नाही. पुढच्या खोलीत एक मशीन, एक लांब टेबल आणि भिंतीला टेकवलेले कापडाचे गठ्ठे. माझा भाऊ त्या गठ्ठ्यांमधून वाट काढत कामावर जातो आणि वाट काढतच परत येतो. मी शेजारच्या गल्लीत राहते, त्यामुळे वहिनीच्या घरात काय चाललंय ते तिच्याआधी मला कळतं.

तिच्या हाताला तोड नाही. तोंडाचं मात्र काही खरं नाही. गिऱ्हाइकाला भाव सांगते आणि समोरच्यानं श्वास घ्यायच्या आत स्वतःच म्हणते, "थोडं कमी दिलंत तरी चालेल." अगं बाई, त्यानं मागितलंय का कमी? भीड भिकेची बहीण, हे मी तिला इतक्यांदा ऐकवलंय की आता मी नुसतं तोंड उघडलं की तीच म्हणते, "हो वन्सं, बहीण. पुढे बोला."

तर तिला एका हॉलचं काम मिळालं. मोठा हॉल, तीन भिंतींना खिडक्या. या वेळी मी शेजारी बसून तिच्याकडून भाव फोनवर लिहून पाठवून घेतला आणि 'चालेल'बिलेल काही लिहू दिलं नाही. हॉलच्या मॅनेजरचं उत्तर आलं, "ठीक आहे, सुरू करा." महिनाभर ती त्या जाड कापडाशी झटली. अस्तर, चुण्या, कड्या. मान अशी आखडली की कुणाकडे बघायचं झालं तर सबंध अंगानं वळावं लागायचं.

आता पडद्याचं एक असतं. तो टांगला की स्वतःच्या वजनानं खाली उतरतो. म्हणून वहिनी खालची दुमड आधी कच्च्या टाक्यांनी घालते, आठवडाभर पडदे लोंबू देते आणि मग तिथेच जमिनीवर बसून हातानं पक्की करते. घाई केली तर एक पडदा फरशी झाडतो आणि शेजारचा पोटऱ्या दाखवतो.

ती दुमड पक्की करायला आम्ही हॉलवर गेलो. मी आपली सुया ओवून द्यायला. मॅनेजर आला आणि म्हणाला, "ताई, पैसे जमा केलेत. तिसरा हिस्सा कमी केलाय. सरळ रेषेत तर शिवायचं, त्यात काय एवढं?"

गरज सरो, वैद्य मरो! माझं डोकंच फिरलं. "वहिनी, ओढून काढ सगळे कच्चे टाके," मी म्हणाले, "लोळू देत फरशीवर." तिनं ऐकलं नाही. दोन भिंतींच्या दुमडी पक्क्या केल्या, एकही टाका वरून दिसू न देता. तिसऱ्या भिंतीपाशी आली आणि सुई डबीत ठेवली.

"दोन भिंतींचे पैसे आलेत," ती म्हणाली. "ही राहू द्या."

"राहू द्या की," मॅनेजर हसला. "खाली वाकून बघतंय कोण?"

हे मात्र तिला लागलं. पैसे कापले तेव्हा आलं नव्हतं ते पाणी आता डोळ्यांत आलं. रस्त्यात एवढंच म्हणाली, "मी बघते ना वाकून."

दुसऱ्या दिवशी मी तिला हाताला धरून सरकारी कचेरीत नेलं. स्वतःचा धंदा करणाऱ्यांच्या तक्रारी ऐकायला तिथे एक बाई बसतात. त्यांनी फोनवरचे निरोप वाचले. "काम सुरू झाल्यावर ठरलेली रक्कम त्यांना एकट्याला कमी करता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही स्वतःहून कबूल झालात तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्यांच्यासमोर जपून बोला. 'चालेल' म्हणालात की संपलं."

झालं! 'चालेल' न म्हणता वहिनीनं अख्खा दिवस काढलेला मी कधी पाहिला नव्हता.

सुनावणीला मॅनेजर आला. बाईंनी मला आधीच बजावलं, "तुम्ही बोलायचं नाही." मला! मी रुमालाचा बोळा मुठीत आवळून बसले.

"यांनीच तिसरी भिंत सोडली," मॅनेजर म्हणाला. "म्हणजे कमी पैसे यांना मान्यच होते."

वहिनी टेबलाकडे बघत म्हणाली, "बेतलं तिन्ही भिंतींचं. शिवलं तिन्ही भिंतींचं, टांगलंही. एका भिंतीची दुमड तेवढी राहिलीय. पैसे आले की त्याच दिवशी घालते."

बाईंनी मान डोलावली. वारं कुठे वाहतंय ते मॅनेजरला कळलं, आणि लगेच आवाजात साखर आली. "जाऊ द्या ना ताई. पुढेही आम्ही तुम्हालाच कामं देणार. जे कापलं त्यातलं निम्मं देतो. चालेल ना?"

वहिनीचे ओठ हलले. 'च' अगदी दातांपाशी आलेला मी पाहिला, देवाशपथ! मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडता येत नव्हतं. मग ती खुर्चीसकट त्याच्याकडे वळली.

"नाही चालणार," ती म्हणाली.

एवढंच. पुढे माफी नाही, ओशाळं हसू नाही. मलाच हुंदका फुटला, तर बाईंनी मला बाहेर काढलं.

राहिलेले पैसे त्याच आठवड्यात आले. वहिनी बोलल्याप्रमाणे गेली, तिसऱ्या भिंतीची दुमड घालून आली. मी वाकून पाहिलं, टाका दिसेल तर शपथ. त्या हॉलचं काम पुन्हा काही आलं नाही. दुसरी कामं आली. भाव सांगून झाला की वहिनी आता पाणी पिते, म्हणजे तोंड आपोआप बंद राहतं.

परवा मी माझ्या खिडक्यांची मापं घेऊन तिच्याकडे गेले. आजवर माझ्या घरातला प्रत्येक पडदा तिनंच शिवलाय, आणि मी चहावर भागवलंय. तिनं मापं वाचली, मनाशी हिशेब केला, आकडा सांगितला आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

मला हसूच आलं. "अगं, घरचंच तर काम आहे! निम्मे घे. चालेल ना?"

तिनं पेला खाली ठेवला. नुसती खुर्चीसकट माझ्याकडे वळली.

मी मुकाट्यानं पर्स उघडली.