कंगवे, ग्रॉस पाच

माझ्या मुलीच्या लग्नात मी वऱ्हाडातल्या प्रत्येक माणसाला बारा कंगवे दिले. नवरदेवाच्या घरातल्या झाडून सगळ्या पुरुषांना टक्कल आहे.

हे मी मुद्दाम केलं नव्हतं, एवढं आधीच नोंदवून ठेवते.

मी एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क आहे. तिथे पगारबिलं करते आणि घरी याद्या. लग्न ठरल्यावर तर मी आधी एक यादी केली, तिच्यात फक्त कोणकोणत्या याद्या करायच्या तेच होतं. त्या सगळ्या इंग्रजीत लिहायचं ठरवलं. जावई प्रशांत चितेगावच्या कंपनीत इंजिनिअर. उद्या एखादी यादी त्याच्या हाती लागली तर सासू अडाणी वाटायला नको. (त्याच्या हाती यादी कशाला लागेल, हा विचार तेव्हा सुचला नाही.)

पहिली ठेच घरातच लागली. घरच्या ग्रुपवर मी 'फाइव्ह डझन्स लाडू' असं टाकलं. प्रज्ञानं, म्हणजे आमच्या नवरीनं, नातेवाइकांच्या देखत उत्तर दिलं, "आई, पुढं आकडा असला की डझनला एस लावत नाहीत. फाइव्ह डझन." खाली माझ्या नवऱ्यानं लगेच अंगठा टाकला. या माणसानं सव्वीस वर्षांत माझ्या एकाही यादीला अंगठा दिलेला नाही.

मी नियम वहीत उतरवून घेतला. पुढं आकडा असेल तर डझन, हंड्रेड, थाउजंड, कशालाच एस नाही. आकडा नसेल, नुसताच ढीग सांगायचा असेल, तर एस लावायचा : डझन्स ऑफ, हंड्रेड्स ऑफ. आणि नियम कळल्यावर तो स्वतःपुरता ठेवणं माझ्या स्वभावात नाही. पैठण रोडच्या हॉलवाल्यानं कोटेशनमध्ये 'थ्री हंड्रेड्स चेअर्स' लिहिलं होतं. मी लाल पेननं एस खोडून कागद परत पाठवला. त्यानं खुर्च्या दोनशे ऐंशीच लावल्या, पण ते मराठीत कळवलं.

वऱ्हाड परभणीहून आदल्या दिवशी मुक्कामाला येणार होतं. माणसं साठ. सकाळी उठल्यावर कुणाची गैरसोय नको म्हणून प्रत्येकाला एक पिशवी द्यायची मी ठरवलं : साबण, ब्रश, पेस्ट, तेलाची बाटली, छोटा आरसा आणि कंगवा. शहागंजातले रफीकभाई हा माल ठोक विकतात. त्यांना मी यादी व्हॉट्सॲपवर पाठवली. साबण फाइव्ह डझन, ब्रश फाइव्ह डझन, सगळं बिनएसचं. कंगव्यांत मात्र दोन जाती होत्या, म्हणून जरा सविस्तर लिहिलं : 'लेडीज थ्री डझन, जेन्ट्स टू डझन, ग्रॉस फाइव्ह.'

आमच्या पगारबिलात ग्रॉस म्हणजे एकूण. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे, आणि शेवटी ग्रॉस. इतकी वर्षं मी तो रकाना भरते आहे. ठोक बाजारात त्याच शब्दाला ग्रोस म्हणतात आणि ग्रोस म्हणजे बारा डझन, हे मला कोण सांगणार?

तसं रफीकभाईंनी सांगायचा प्रयत्न केला होता. त्यांचा फोन आला.

"मॅडम, कंगवे ग्रोस पाच ना? पक्का?"

"लिहिलंय तसंच द्या. आणि ग्रोस नाही, ग्रॉस."

"नाही, माल थोडा जास्तीच वाटला म्हणून विचारलं."

"रफीकभाई, तुम्हाला इंग्रजी कळतं ना?"

"कळतं मॅडम. कळतं म्हणूनच फोन केला."

मी फोन ठेवला. त्यांनी माल भरला. यादीच्या शेवटी मीच लिहिलं होतं की सगळं साठ पिशव्यांत सारखं वाटून भरा, काहीही उरता कामा नये. पाच ग्रोस म्हणजे सातशे वीस. भागिले साठ. एकही कंगवा उरला नाही.

पिशव्या आल्या तेव्हा मी त्या मोजल्या. उघडल्या नाहीत. साठ भरल्या, टिक केली. जरा फुगलेल्या दिसत होत्या, पण मी म्हटलं, रफीकभाईंचं मन मोठं आहे.

संध्याकाळी वऱ्हाड आलं आणि पिशव्या खोल्याखोल्यांत वाटल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी लग्न साडेबाराला होतं. आमच्यात मुहूर्त बघत नाहीत, पण पत्रिकेत छापलेली वेळ मी पाळणार होते. साडेदहाला प्रज्ञा पांढऱ्या साडीत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, प्रशांतचा फोन होता. उत्तमकाका खोलीतून बाहेर येत नाहीत."

"तब्येत?"

"तब्येत ठीक आहे. ते विचारतायत, कंगवे कशाला दिले."

"विंचरायला."

"बारा?"

उशिरा येणाऱ्यांसाठी ठेवलेल्यांतली एक पिशवी मी उघडली. मग दुसरी उघडली. मग खाली बसले.

उत्तमकाका म्हणजे प्रशांतचे चुलते. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं, शिकवलं. ते मंचावर नसतील तर प्रशांतही येणार नाही, हे त्यानं प्रज्ञाला सरळ सांगितलं होतं. आणि काकांच्या रागाला आधीचा एक हप्ता होता. मुलगी पाहायला आले तेव्हा आमच्याकडची लाइट गेली होती, आणि माझा नवरा काकांच्या डोक्याकडे बघून म्हणाला होता, "जाऊ द्या, उजेड आहे." तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

मी रफीकभाईंना फोन लावला.

"ये क्या किया रफीकभाई?"

"आपीच लिखे ना मॅडम. ऊपर पाँच डझन लिखे, नीचे सुधारके पाँच ग्रोस. मैं समझा, बड़े लोगां की शादी है." मग जरा थांबून, "मैं तो पूछा था."

"तुम्ही जा," मी नवऱ्याला म्हटलं.

"मी?" नवरा म्हणाला. "मी गेलो तर आरसेही अंगावर येतील."

तेव्हा मीच गेले, वही घेऊन. खोलीत दहा-बारा पुरुष गादीवर भिंतीला टेकून बसलेले, डोकी एका ओळीत, आणि मधोमध कंगव्यांची रास. काळे, तपकिरी, आणि बायकांच्या कोट्यातले गुलाबी. प्रशांत कोपऱ्यात कोऱ्या कपड्यांत मान खाली घालून बसला होता.

"जयभीम काका," मी म्हटलं.

"जयभीम. या, बसा." काकांनी एक गुलाबी कंगवा उचलला. "ताई, तुम्ही लई शिकलेल्या म्हणून ऐकलं होतं. मला एक सांगा. एक दिला असता तर मी म्हणलो असतो, रीत हाय. दोन दिले असते तर म्हणलो असतो, चूक झाली. बारा म्हंजी काय? महिन्याला एक?"

"काका, गैरसमज झाला. मी 'ग्रॉस' लिहिलं. ग्रॉस म्हणजे एकूण."

"एकूण टक्कल?"

मागून कुणीतरी खोकलं. मी घाईनं यादी काढून पुढे धरली. काकांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. साबण वाचला, ब्रश वाचला, तेल वाचलं. कंगव्यांपाशी बोट थांबलं.

"ग्रोस फाइव्ह," ते म्हणाले. "मी वर्कशॉपात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. स्क्रू ग्रोसनंच यायचे. दुकानदाराची काय चूक नाय."

"नाही," मी म्हटलं.

"माझी पण नाय."

"नाही."

"मंग राहिलं कोण?"

मला वाटलं, आता निदान इंग्रजीची तरी लाज राखावी. म्हटलं, "काका, शब्द चुकला, पण बघा, व्याकरण कुठंच चुकलेलं नाही. एस कुठंही नाही."

काकांनी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. "व्हय," ते म्हणाले. "एकदम शुद्ध हाय. जरा अशुद्ध असतं तर त्या बिचाऱ्यानं तुमचं ऐकलं नसतं."

मग ते हसले. आधी पोट हललं, मग खांदे, मग अख्खी ओळ. प्रशांतनंही मान वर केली. काकांनी पायात चपला सरकवल्या आणि दाराकडे निघाले. मी हात जोडून म्हटलं, "काका, हजार वेळा माफी मागते."

काका उंबऱ्यात थांबले.

"नगं ताई. एकदाच मागा. तुमचं हजार म्हंजी नेमकं किती भरंल, नेम नाय."

मी मागितली. अंकी १, अक्षरी एक फक्त.