डोनटमावशीचं नाक

इमारतीत त्यांना सगळे डोनटमावशी म्हणत. खरं नाव दाराच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची कुणाला गरज पडत नसे. दर रविवारी सकाळी तळणाचा वास जिना चढू लागला की पोरंसोरं आपसूक दुसऱ्या मजल्यावर येत आणि मोठी माणसं दार किलकिलं करून बसत. मावशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुड्या घेऊन घरोघर जात. नवरा बसचा ड्रायव्हर. तो होता तेव्हा एक डबा डेपोतही जायचा. तो गेला, डेपोचा डबा बंद झाला, पण रविवार काही चुकला नाही.

ही विद्या त्यांनी लग्नाआधी मिळवली होती. एका बेकरीत त्या पाव बांधायला जात. तिथला म्हातारा भट्टीवाला जुन्या पद्धतीचे डोनट करायचा. त्यात यीस्ट नाही, पीठ फुगवत ठेवणं नाही. लोणी आणि साखर फेसायची, अंडी फोडायची, आंबट दही घालायचं, मग मैदा, बेकिंग पावडर आणि जायफळ. पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की चिवट झालंच म्हणून समजा. गोळा फ्रीजमध्ये गार करून बोटभर जाड लाटायचा, स्टीलच्या पेल्यानं गोल कापायचे आणि बाटलीच्या बुचानं मधलं भोक पाडायचं. तेल फार कडक नको. डोनट आधी तळाशी बसला पाहिजे, मग सावकाश वर आला पाहिजे. तेव्हाच त्याची कड उकलते, खडबडीत होते आणि वरून सोडलेला साखरेचा पाक त्या भेगांत जाऊन बसतो.

हे सगळं मावशी वजनकाट्याशिवाय करत. त्यांचा काटा म्हणजे नाक. लोणी जुनं झालंय का, अंडं कसं आहे, जायफळ पुरे झालं का, सगळं नाकच सांगायचं. तळून उरलेलं तेल त्या गाळून एका पत्र्याच्या डब्यात ठेवत, पुढच्या वेळी त्यात नवं मिसळत, आणि ज्या दिवशी नाक नको म्हणेल त्या दिवशी डबा रिकामा करत. नवरा म्हणायचा, तुझं नाक पोलिसात पाहिजे होतं.

एका थंडीत त्यांना ताप आला. ताप उतरला, सर्दीही गेली. जाताना ती नाकातलं काहीतरी घेऊन गेली, पण मावशींना ते समजलं नाही. डोळे गेले की माणूस ठेचकाळतो, कान गेले की चारचौघे ओरडून बोलतात. वास गेला तर कोण सांगणार? चहा मचूळ लागायचा तेव्हा त्यांनी चहाचा मसाला बदलला, मग दुकान बदललं. हल्ली कशातच काही दम राहिला नाही, असं त्या सगळ्यांना सांगत. डोनटही फिके वाटले म्हणून त्यांनी जायफळ वाढवलं. आणि तेलाच्या डब्याला नको म्हणणारं आता घरात कुणी नव्हतं.

म्हणजे एक होती. त्याच वर्षी मुलाचं लग्न झालं होतं. सून औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. स्वभावानं वाईट नव्हती, पण बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे. गोळ्यांची मुदत संपलीय तर संपलीय म्हणायचं, त्यात गिऱ्हाइकाचं मन काय सांभाळायचं, असा तिचा खाक्या. पहिल्यांदा तिनं स्वयंपाकघरात, दोघीच असताना, हळू आवाजात सांगितलं की तेल बदलायला हवं, खवट झालंय. मावशींनी डबा नाकाशी धरला, खोल श्वास घेतला आणि काही नाही झालं म्हणाल्या. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी डबा नुसता आत सरकवला. तिसऱ्या खेपेला, एका रविवारी, मावशी पीठ लाटत असताना सुनेनं डबा उचलला आणि तेल ओतून द्यायला निघाली.

मावशींनी तो तिच्या हातातून काढून घेतला. त्याच तेलात त्यांनी डोनट तळले. मग दार सताड उघडं ठेवून त्यांनी तळमजल्यावरच्या टेलरमास्तरांना वर बोलावलं, समोरच्या नर्सबाईंना बोलावलं, मुलाला हाक मारली आणि तिघांच्या हातावर एकेक डोनट ठेवला.

"खा आणि खरं सांगा. हिला यात वास येतोय."

मास्तरांनी घास घेतला, मान डोलावली. नर्सबाई म्हणाल्या, नेहमीसारखेच आहेत की. मुलानं अख्खा डोनट संपवला, बोटं चाटली.

"मला तर काही वास येत नाही," तो म्हणाला. "छान झालेत, आई."

सून सासूकडे बघत नव्हती, शेजाऱ्यांकडेही नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. तो बशीकडे बघत होता.

मावशींना तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण जिंकलेल्या माणसाला थांबणं जड जातं. त्या शेजाऱ्यांदेखत म्हणाल्या, "लग्न होऊन आल्यापासून माझ्या घरात खोट काढतेयस. नाकानं कांदे सोलायचे असतील तर माहेरी जाऊन सोल. इथं खोटारडी माणसं चालत नाहीत."

त्याच आठवड्यात सून माहेरी गेली. मावशींचा हिशेब सरळ होता: थोडे दिवस रुसेल, मुलगा जाऊन आणेल. मुलगा गेला नाही. जाऊ का, असं त्यानं एकदा विचारलं होतं. तुझं तू बघ, असं मावशी ताठ्यानं म्हणाल्या, आणि त्यानं ते शब्दशः घेतलं. पुढे वकिलांचे फोन येऊ लागले. मावशी जिन्यात भेटेल त्याला सांगत, आमच्याकडे ती रमलीच नाही, तिला माणसांची सवय नव्हती. ऐकणारे हो हो म्हणत. पुड्या घेत. फार छान, म्हणत.

असं वर्ष उलटून गेलं. एका रविवारी कचरा नेणाऱ्या बाई आल्या नाहीत. सोमवारी सकाळी मावशी आपला कचरा स्वतःच खाली घेऊन गेल्या. मोठ्या पिंपाचं झाकण उचललं, तर वरच त्यांचं वर्तमानपत्र. पुडी उघडीसुद्धा नव्हती. तिच्याखाली दुसरी. काठीनं जरा बाजूला केलं तर आणखी होत्या. एकीतला डोनट अर्धा खाल्लेला होता, लहान दातांच्या खुणा दिसत होत्या. कुणा पोरानं घास घेतला असणार आणि आईनं हिसकावून घेतला असणार.

मावशींनी एक पुडी उचलली, तिथंच उघडली, डोनट मोडून तोंडात घातला. गोड लागला. कडेला थोडा कुरकुरीत. त्यांना त्यात काहीच वावगं आढळलं नाही. आधी त्यांना संताप आला, की ही माणसं फुकटचं घेतात आणि माजानं फेकून देतात. तशाच त्या टेलरमास्तरांच्या दुकानात शिरल्या आणि पुडी मशीनवर आपटली.

मास्तरांनी पाय थांबवला. पुडीकडे बघितलं, मग उठून दुकानाचं दार लोटून घेतलं.

"वहिनी, बसा," ते म्हणाले. "खवट असतात हो. पुष्कळ दिवस झाले."

"त्या दिवशी तुम्ही मान डोलावलीत."

"डोलावली. तुमचं मन मोडवेना."

"आणि नंतर? इतक्या रविवारांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

मास्तरांनी टेप गळ्यातून काढली, गुंडाळली, पुन्हा उलगडली. "खरं सांगितलं त्या पोरीचं काय झालं, ते इमारतीनं पाहिलं होतं. पुढे कोण बोलणार?"

मावशी वर आल्या. त्यांनी कांदा चिरून हुंगला, रॉकेलची बाटली उघडली, फिनेलचा डबा उघडला. डोळ्यांना पाणी आलं, नाकाला काही समजलं नाही. नंतर दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तापात नस गेली असावी, इतक्या दिवसांनी परत यायची आशा धरू नका. पण ते नंतर. त्या संध्याकाळी मावशींनी एक वेगळंच काम केलं. पुन्हा पीठ केलं. त्यात साखरेऐवजी मूठभर मीठ घातलं, पाकही केला नाही, जुन्या तेलात तळून काढले. मुलगा कामावरून आला तसे बशीत घालून त्याच्यापुढे ठेवले.

त्यानं पहिला घास घेतला. गिळताना त्याच्या गळ्याची घाटी दोनदा हलली. पाणी प्यायला. दुसरा घास घेतला.

"कसे झालेत?"

"छान झालेत."

मावशी समोर बसल्या. "मीठ घातलंय त्यात," त्या म्हणाल्या. "ती सांगत होती तेव्हा तुला वास येत होता?"

मुलानं घास बशीत ठेवला. मावशींना क्षणभर वाटलं, नाही म्हणू दे. इतकी वर्षं बोलला तसं आजही खोटं बोलू दे.

"येत होता," तो म्हणाला.

"मग?"

"तू रडली असतीस."

तो लहानपणापासून असाच होता. सगळ्या नातलगांत त्याचं कौतुक होतं, आईला कधी उलटून बोलत नाही म्हणून. मावशींनीही ते मिरवलं होतं. एवढ्या गुणी मुलाशी त्या सुनेनं संसार कसा केला असेल, हा विचार त्यांच्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आला.

पुढच्या रविवारी त्यांनी तेलाचा डबा भंगारात दिला. दुकानातून नवं तेल, नवं लोणी, नवा मैदा आणला. जायफळ पूर्वीइतकंच घातलं, हाताच्या अंदाजानं. डोनट तळले, पाक घातला, डब्यात भरले आणि इमारतीतल्या एकाही दाराशी न थांबता बस धरून औषधांच्या दुकानात गेल्या.

सून काउंटरवर होती. थोडी वाळली होती. तिनं आधी समोरच्या माणसाला औषध दिलं, केव्हा घ्यायचं ते दोनदा समजावलं, मग मावशींकडे वळली. या आई, म्हणाली. जिभेची सवय असेल. मावशींनी डबा उघडून काउंटरवर ठेवला.

"माझं नाक गेलंय," त्या म्हणाल्या. "तू खरं बोलत होतीस. मी तुला चारचौघांत खोटारडी म्हटलं."

सुनेनं डबा जवळ ओढला, वास घेतला. बारकाईनं घेतला, जणू तेही तिच्या कामाचाच भाग होता.

"आता बरोबर आहेत," ती म्हणाली. "तेल ताजं आहे. जायफळ जरा जास्त पडलंय." आणि झाकण लावून डबा परत सरकवला.

"घरी ये, असं कोणत्या तोंडानं म्हणू? पण म्हणते."

"तुम्ही म्हणालात ते मी विसरलेही असते, आई. रागात माणूस बोलतो. पण तुमच्या मुलाला वास येत होता. मी त्याच्याकडे बघत उभी होते आणि तो बोटं चाटत होता." ती थांबली. मागे एक म्हातारा चिठ्ठी घेऊन उभा होता, तिनं हात पुढे करून ती घेतली. "उद्या आम्हाला मूल झालं असतं आणि त्याला ताप आला असता, तर हा मला म्हणाला असता, काही नाही, छान आहे. तुम्ही या आता. पायरी उंच आहे, सांभाळून उतरा."

डबा तसाच परत आला. घरी मुलगा वाट बघत होता. कुठे गेली होतीस, असं त्यानं विचारलं. मावशींनी सांगितलं. तो खुर्चीत बसला, पायातल्या चपलेशी चाळा करत राहिला.

"काय म्हणाली?"

"बरोबर झालेत म्हणाली."

"झालेच असणार," मुलगा म्हणाला. डबा अजून बंदच होता. "तुझ्या हाताला चव आहे, आई."

मावशींनी डबा उचलून ओट्यावर ठेवला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "हे यापुढे मला कधी म्हणू नकोस."

त्यानं तेही ऐकलं. तेव्हापासून तो पुढ्यात येईल ते मुकाट जेवतो, ताट घासून ठेवतो आणि चांगलं की वाईट, एक शब्द बोलत नाही.