ग्रेज रंगाच्या भिंती

यजमान गेल्यावर खातीपुऱ्यातल्या घराला मी नवा रंग काढायचं ठरवलं. शेडकार्डावरचा 'ग्रेज', धड राखाडी नाही, धड बदामी नाही. रंगारी साठीचा होता. ब्रश लावण्याआधी तो प्रत्येक भिंतीवरून तळहात फिरवी, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

चहा देताना मी विचारलं, "भैया, रंग कैसा लगा?"

"अच्छा है जी. इसमें किसी की याद नहीं आती."

"आपके घर में कौन-सा है?"

"हरा. घरवाली ने चुना था." मग कप खाली ठेवत हळूच म्हणाला, "ग्यारह साल हो गए, बदला नहीं."

स्वयंपाकघर तेवढं राहिलं होतं. तिथला पिवळा यजमानांनी हौसेनं निवडलेला. मी म्हटलं, "इसे रहने दो." त्यानं डबा बंद केला.

त्या संध्याकाळी मी ताट घेऊन तिथंच, जमिनीवर जेवायला बसले.